गवतात फुलणारे कंद: इंग्लंडमध्ये नव्यानं बाग करणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये घर घेतलं की मागे अंगणाचा एक तुकडा येतो आणि त्यात बहुतेक वेळा नुसतं गवत असतं. ते दर पंधरवड्याला कापायचं, कडेनं दोन-चार गुलाब लावायचे, एवढ्यावर पुष्कळांची बाग थांबते. त्याच गवताचा एक कोपरा रानफुलांसाठी सोडला आणि त्यात वसंतात फुलणारे कंद लावले, तर जानेवारीच्या अखेरीपासून मे संपेपर्यंत काही ना काही फुललेलं राहतं. योग्य जातीचे कंद असतील तर ते पुन्हा विकत आणावे लागत नाहीत, आपले आपण वाढतात. आजवर कुंडीतल्या तुळशीपलीकडे काही लावलं नसेल, तरी हे जमण्यासारखं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. कंद लावणं हे एका दुपारचं काम. खरं कौशल्य गवत कधी कापायचं आणि कधी हात आवरायचा, यात आहे. दोन वर्षं छान फुलले आणि मग नाहीसे झाले, असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा विचारते, मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, कधी फिरवला? उत्तर बहुधा "मेच्या सुरुवातीला" असंच येतं.

क्रिकलेडचं कुरण

विल्टशरमध्ये क्रिकलेड गावाला लागून, थेम्स आणि चर्न या नद्यांच्या मधे, नॉर्थ मेडो नावाचं कुरण आहे. एप्रिलच्या मध्यावर तिथे स्नेक्स हेड फ्रिटिलरी फुलते. ब्रिटनमध्ये रानात वाढणाऱ्या फ्रिटिलरींपैकी सुमारे ८० टक्के या एकाच कुरणात आहेत, असं मानलं जातं. जमल्यास एकदा तिथे जाऊन खाली बसून फूल बघा. वीतभर उंच, काडीसारखा देठ, त्याच्या टोकाला मान खाली घातलेलं एकच फूल, आणि पाकळ्यांवर गडद-फिक्या जांभळ्या चौकटी, जणू कोणी पट्टी धरून आखल्यात. मधेच एखादं पूर्ण पांढरं फूल असतं. त्यावरही अगदी निरखून पाहिलं तर हिरवट चौकटी दिसतात.

या कुरणाला कोणी खत घालत नाही, कोणी पाणी देत नाही. तिथे पाळली जाते ती फक्त जुनी वहिवाट. फुलं येतात, बी पिकतं, जुलैत गवत कापून वाळवून नेतात. १२ ऑगस्टपासून १२ फेब्रुवारीपर्यंत गुरं चरतात. मग कुरण पुन्हा मोकळं सोडतात. आपल्या अंगणात आपल्याला हेच करायचं आहे, फक्त गुरांच्या जागी मोअर. इंग्लंड-वेल्समधली अशी फुलांनी भरलेली ९७ टक्के कुरणं १९३० च्या दशकानंतर नष्ट झाली. म्हणून अंगणातल्या छोट्याशा तुकड्यालाही मोल आहे, असं मला मनापासून वाटतं.

पायरी १: जागा ठरवा

दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद तुकडा सुरुवातीला पुरतो. मुलं जिथे चेंडू खेळतात तिथे नको, कारण तिथलं गवत जुलैपर्यंत उंच ठेवता येणार नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा कोपरा मिळाला तर उत्तम. फेब्रुवारीत थंडीत बाहेर जायला जीवावर येतं, पण भांडी घासताना समोर क्रोकसची फुलं उघडलेली दिसतात.

मग जमीन बघा. वीतभर खोल खड्डा खणून तो पाण्यानं भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. पाणी तसंच असेल तर जमीन चिकणमातीची, ओल धरणारी आहे. तिथे फ्रिटिलरी आणि कमासिया खूश असतात. पाणी लगेच जिरलं तर क्रोकस आणि छोटे डॅफोडिल. झाडाखाली सावली असेल आणि ते झाड हिवाळ्यात पानं गाळणारं असेल, तर ती वाया गेलेली जागा समजू नका. स्नोड्रॉप आणि ब्ल्यूबेल यांची ती हक्काची जागा आहे. वर पालवी फुटून सावली दाट होण्याआधी जो उजेड जमिनीपर्यंत पोचतो, त्यातच ही झाडं आपलं वर्षाचं काम उरकून घेतात.

आपल्याकडे सह्याद्रीत रानहळद असंच करते, पण वेगळ्या ऋतूत. कोरडा उन्हाळा जमिनीखाली काढायचा आणि पाऊस पडला की वर यायचं. इथल्या कंदांचा विश्रांतीचा काळ म्हणजे उन्हाळ्याचा उत्तरार्ध. त्यांना लागते ती आधी थंडी. ट्यूलिप, डॅफोडिल, क्रोकस यांना कित्येक आठवडे सलग गारवा मिळाल्याशिवाय देठ नीट लांबत नाही. म्हणूनच पुण्यात हे जमिनीत टिकत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवून कुंडीत एखादा बहर काढता येतो, पण तो तेवढ्यापुरताच. रीतसर परवाना आणि प्रमाणपत्राशिवाय कंद भारतात नेताही येत नाहीत, तेव्हा सुट्टीला जाताना बॅगेत टाकू नका. तसेच तिकडून निशिगंधाचे कंदही आणू नका.

पायरी २: कंद निवडा

गार्डन सेंटरमध्ये ऑगस्टच्या अखेरीपासून कंदांच्या पेट्या लागतात आणि प्रत्येकीवर भडक फोटो असतो. मोठ्या फुलांचे, दुहेरी पाकळ्यांचे, झालरवाले प्रकार गवतासाठी घेऊ नका. ते वाफ्यात शोभतात. गवतात पावसानं आडवे होतात, आणि पाकळ्यांच्या गर्दीमुळे मधमाश्यांना त्यात फारसं काही मिळत नाही. गवताशी झुंज देऊन टिकतात त्या रानातल्या मूळ जाती किंवा त्यांच्या जवळच्या.

सगळ्यात आधी स्नोड्रॉप, म्हणजे गॅलँथस निवालिस. जानेवारीच्या अखेरीला, फेब्रुवारीत फुलतो. याचे सुके कंद घेऊ नका, ते चटकन सुकून मरतात. फुलं ओसरताना, पानं हिरवी असतानाच काढलेले गड्डे फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात. इथले माळी त्याला 'इन द ग्रीन' म्हणतात, तेच मागा.

त्यानंतर क्रोकस. डच क्रोकसची मोठी फुलंही चालतात, पण पसरणारा हवा असेल तर क्रोकस टोमासिनिआनस. फिकट जांभळा, नाजूक, आणि बी टाकून स्वतःच दूरवर जाणारा. याची फुलं ऊन पडलं तरच उघडतात. त्याच उन्हात बंबलबीच्या राण्या हिवाळी झोपेतून जाग्या होऊन पहिला मध शोधत असतात. फेब्रुवारीत त्यांच्यासाठी बाहेर फारसं काही नसतं, म्हणून मला जर एकच कंद लावायला सांगितला तर मी हा लावेन. केशर देणारा क्रोकस याचाच भाऊबंद, पण तो शरद ऋतूत फुलतो. काश्मीरमध्ये पांपोरला होतो आणि एके काळी इसेक्समधल्या सॅफरन वॉल्डन गावातही पिकत असे. तो गवतात मात्र टिकत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये डॅफोडिल. रानटी जातीचं नाव नार्सिसस स्यूडोनार्सिसस, लोक तिला लेंट लिली म्हणतात. ठेंगणी, फिक्या पाकळ्या आणि मधला पेला गडद पिवळा. ग्लॉस्टरशरमधल्या डिमॉक गावाच्या आसपास आणि यॉर्कशरमध्ये फार्नडेलच्या खोऱ्यात ही अजून रानात फुलते. ती मिळाली नाही तर टेट-आ-टेट घ्या. तेही ठेंगणं आणि चिवट आहे.

एप्रिलमध्ये फ्रिटिलरी, जमीन ओलसर असेल तरच. हिचे कंद छोटे, पांढरे, दोन पाकळ्या जोडल्यासारखे दिसतात आणि त्यांना वरचं कोरडं साल नसतं. त्यामुळे ते दुकानात पडून राहिले की सुकतात. सप्टेंबरमध्येच घ्या आणि आणल्या दिवशी लावा.

मेमध्ये कमासिया. ही मूळची उत्तर अमेरिकेची. १८०६ च्या जूनमध्ये मेरीवेदर लुईस या अमेरिकी शोधप्रवाशानं आयडाहोच्या बाजूला तिची कुरणं पाहिली आणि लांबून ते निळं तळंच वाटलं, असं रोजनिशीत लिहिलं. गवतात लावायला त्यातली कमासिया क्वामाश ही बुटकी जात बरी. डॅफोडिलचा बहर संपल्यावर आणि गवत गुडघ्याला लागण्याआधी हिचा निळा रंग येतो.

ट्यूलिपविषयी नवे लोक हमखास विचारतात. बाजारातले बहुतेक ट्यूलिप गवतात दुसऱ्या वर्षीच कमी होतात. त्यांचे पूर्वज मध्य आशियातल्या डोंगरांवरचे, जिथे उन्हाळा कडक आणि कोरडा असतो. इंग्लंडचा ओला उन्हाळा आणि वर गवताचं पांघरूण त्यांना मानवत नाही. ट्यूलिप कुंडीत लावा.

ब्ल्यूबेल घेताना

इथे थोडं थांबायला हवं. इंग्लिश ब्ल्यूबेल आणि स्पॅनिश ब्ल्यूबेल या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि दोघींचा संकर होऊन मूळ इंग्लिश जात पातळ होत चालली आहे. तुमच्या घराजवळ रान असेल तर स्पॅनिश अजिबात लावू नका. ओळख सोपी आहे. इंग्लिशचा देठ टोकाशी वाकलेला, फुलं जवळजवळ सगळी एकाच बाजूला लटकलेली, आत परागकण मलईच्या रंगाचे, आणि वास गोड. स्पॅनिशचा देठ ताठ, फुलं चारी बाजूंनी, परागकण निळसर, वास जवळजवळ नाहीच.

रानातून खणून आणायचा विचारही नको. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलीही रानटी वनस्पती मुळासकट काढणं गुन्हा आहे, आणि रानातले ब्ल्यूबेल विकण्यावर १९९८ पासून बंदी आहे. विकत घेताना कंद रोपवाटिकेत वाढवलेले आहेत ना, हे विचारून घ्या. नीट दुकानदार लगेच सांगतो.

पायरी ३: घरी आणल्यावर

कंद हातात घेऊन दाबून पाहा. घट्ट आणि आकाराच्या मानानं जड हवा. खालची मुळांची चकती मऊ झाली असेल, किंवा सालाखाली करडी-हिरवी बुरशी असेल, तर तो बाजूला काढा. एखादा डॅफोडिलचा कंद मुद्दाम उभा चिरून बघा, मुलांना तर जरूर दाखवा. पांढऱ्या मांसल थरांच्या मधोमध पिवळट पानांची टोकं आणि त्यात पुढच्या मार्चचं फूल, अगदी बारीक पण पूर्ण तयार, बसलेलं असतं. हे फूल त्यानं उन्हाळ्यातच घडवलेलं असतं, आणि त्यासाठी लागणारं अन्न वसंतातल्या हिरव्या पातींनी पुरवलेलं. गवत लवकर का कापायचं नाही, ते यावरून समजेल.

चिरताना हातमोजे घाला. डॅफोडिलच्या चिकानं काहींच्या हाताला खाज सुटते. आणि हे नीट लक्षात ठेवा: डॅफोडिल विषारी आहे. कंद दिसतो अगदी कांद्यासारखा, आणि फूल येण्याआधीची पात लसणाच्या पातीसारखी. आपल्या घरी कांदे-बटाटे टोपलीत उघडेच असतात, म्हणून कंदांची पिशवी स्वयंपाकघरात क्षणभरही ठेवू नका. गॅरेजमध्ये, कागदी पिशवीत, वर नाव लिहून ठेवा. घरी आई-वडील भारतातून आलेले असतील तर त्यांना आवर्जून सांगा. स्नोड्रॉप आणि ब्ल्यूबेलही खाण्याचे नाहीत. याच डॅफोडिलपासून वेल्समध्ये गॅलँटामाइन हे स्मृतिभ्रंशावरचं औषध काढतात, हे खरं आहे, पण ती प्रयोगशाळेतली गोष्ट.

पायरी ४: लावणी

सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ. डॅफोडिल आधी, कारण त्याची मुळं लवकर सुटतात. आधी गवत जितकं आखूड कापता येईल तितकं कापा. आदल्या दिवशी पाऊस पडलेला असेल तर जमीन सोपी जाते.

ओळीत लावू नका. मूठभर कंद हातात घेऊन हलकेच उधळा आणि जो जिथे पडला तिथेच लावा. फार जवळ पडलेले दोन-तीन कंद एकेका वितीच्या अंतरानं सरकवा, पण रांगोळीसारखी मांडणी करत बसू नका. काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी विरळ, असंच रानात असतं.

खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट धरा. डॅफोडिल आणि कमासिया साधारण १५ सेंमी, क्रोकस ८ ते १० सेंमी, फ्रिटिलरी १० ते १२ सेंमी. उथळ लावलेले कंद फुटून बारीक होतात आणि नुसती पात येते. गवतात खोल लावणं कंटाळवाणं असतं, तरी तेवढं सोसा.

मोठ्या कंदांसाठी नळीसारखं अवजार मिळतं. ते दाबून फिरवलं की मातीची गोल सुरळी बाहेर येते. खाली कंद ठेवायचा, टोक वर, मग सुरळी परत बसवून पायानं दाबायचं. क्रोकससारख्या बारीक कंदांसाठी मात्र दुसरी पद्धत सोपी. फावड्यानं गवतात इंग्रजी एच अक्षरासारखे काप घ्या, मधली दोन्ही झाकणं दारासारखी उघडा, खालची माती थोडी भुसभुशीत करून दहा-बारा कंद ठेवा आणि झाकणं मिटवा. कंदाची कुठली बाजू वर हे कळत नसेल तर आडवा ठेवा, तो स्वतः वळतो.

खत घालू नका. शेणखत नाही, हाडांची भुकटी नाही, लॉनचं खत तर मुळीच नाही. खतानं गवत माजतं आणि फुलांना दाबून टाकतं.

खारींचा त्रास होतो. डॅफोडिलला त्या तोंड लावत नाहीत, पण क्रोकस उकरून खातात. लावल्यावर जमिनीवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरून खिळ्यांनी ठोका आणि कोंब वर येऊ लागले की काढून घ्या. सुटलेली सालंही तिथे टाकू नका, त्यांच्या वासानं खारींना पत्ता लागतो.

पायरी ५: गवताचा जोर कमी करा

यासाठी यलो रॅटल नावाची एक रानटी वनस्पती आहे, ऱ्हायनँथस मायनर. तिची मुळं शेजारच्या गवताच्या मुळांना चिकटून त्यातून पाणी आणि अन्न ओढतात. गवत खुरटतं, उजेड खालपर्यंत येतो आणि बाकीच्या फुलांना जागा मिळते. मे ते जुलै पिवळी फुलं, आणि मग वाळलेल्या बोंडात बी खुळखुळ वाजतं.

कंद लावून झाले की त्याच शरदात हिचं बी टाका. त्याच वर्षीचं ताजं बी हवं, जुनं रुजत नाही. दाताळ्यानं गवत इतकं खरवडा की निम्मी माती उघडी दिसेल, मग दर चौरस मीटरला साधारण १ ग्रॅम बी टाकून पायानं दाबा. वर माती पसरू नका. हिवाळ्याची थंडी मिळाली की वसंतात रोपं येतात. ही एकाच वर्षाची वनस्पती आहे. बी पडण्याआधी कापलं तर पुढच्या वर्षी ती नाही.

पायरी ६: मोअरचं वेळापत्रक

कोंब वर येऊ लागले की त्या तुकड्यावर मोअर नाही. फुलं ओसरली की पाती लोंबकळतात, पिवळ्या पडतात, पसारा वाटतो. तसंच राहू द्या. पातींची गाठ मारू नका, रबरबँड लावू नका. त्यानं त्यांना ऊन कमी मिळतं आणि कंद उपाशी राहतो.

नुसते स्नोड्रॉप आणि क्रोकस असतील तर मेच्या अखेरीला गवत कापायला हरकत नाही. डॅफोडिल असतील तर शेवटचं फूल गेल्यावर किमान सहा आठवडे थांबा. प्लांटलाइफ संस्थेची 'नो मो मे', म्हणजे मे महिनाभर गवत कापू नका सांगणारी, ही मोहीम चांगली आहे, अनेकांना तिनंच रानफुलांची गोडी लावली; पण फ्रिटिलरी, कमासिया आणि यलो रॅटल असतील तर मे पुरत नाही. बोंडं वाळून बी पडेपर्यंत, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत, हात लावू नका.

मग कापा. उंच गवताला मोअर झेपत नाही, आधी स्ट्रिमर (फिरत्या दोरीनं गवत कापणारं यंत्र) किंवा मोठी कात्री वापरा. त्याआधी काठीनं गवत हलवून बघा; बेडूक आणि हेजहॉग आत बसलेले असतात. कापलेलं गवत दोन-तीन दिवस तिथेच वाळू द्या, एकदा उलटं-सुलटं करून झटका म्हणजे राहिलेलं बी खाली पडेल, आणि नंतर सगळं उचला. हे उचलणं टाळायचं नाही. तिथेच कुजलं तर त्याचंच खत होतं, आणि दोन-तीन वर्षांत फुलांच्या जागी नेटलसारखं खाजरं तण माजतं.

त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत अधूनमधून कापत राहा, क्रिकलेडची गुरं चरतात तसं. शेवटचं कापणं नोव्हेंबरमध्ये, स्नोड्रॉपचे कोंब दिसण्याआधी. गवत आखूड असेल तरच जानेवारीत ती बोटभर फुलं दिसतील.

शेजाऱ्यांना वाटू शकतं की तुम्ही बागेकडे दुर्लक्ष केलंय. त्यावर सोपा उपाय म्हणजे तुकड्याच्या चारी बाजूंनी मोअरच्या रुंदीची एक पट्टी दर आठवड्याला कापत राहायची. पूर्व ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर बागेत उंच गवतातून अशाच कापलेल्या वाटा आहेत. एवढ्यानं बघणाऱ्याला कळतं की आतलं गवत मुद्दाम ठेवलंय.

पहिली काही वर्षं

पहिला वसंत हमखास चांगला जातो, कारण ती फुलं कंदात आधीच तयार होऊन आलेली असतात. खरी परीक्षा तिसऱ्या वर्षी. डॅफोडिलला नुसती पात येऊन फूल नसेल तर तीन कारणं तपासा: उथळ लावलेत, पात लवकर कापली, किंवा गड्ड्यात फार दाटी झाली. दाटी असेल तर पात पिवळी पडल्यावर, जूनमध्ये, गड्डा खणून कंद सुटे करा आणि लगेच लांब लांब लावा.

फ्रिटिलरी बियांपासून फुलायला चार-पाच वर्षं सहज लागतात. पहिल्या वर्षी एकच बारीक पात येते, गवतापासून वेगळी ओळखू येत नाही, म्हणून त्या तुकड्यात तण काढताना मोठी, नक्की ओळखीची झाडंच उपटा. स्नोड्रॉपचे गड्डे मात्र दर तीन-चार वर्षांनी, फुलं ओसरत असताना, पानांसकट खणून तीन-चार भाग करा आणि त्याच दिवशी, मातीची खूण पानांवर जिथपर्यंत दिसते तितक्याच खोलीवर लावा. जास्तीचा एखादा गड्डा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारी द्या.